शुक्रवारचे सहा प्रयोग

आमच्या घरी रविवार शुक्रवारी यायचा. बोईसरच्या औद्योगिक पट्ट्यात आमच्या भागातल्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असे, आणि त्या दिवशी सकाळी सात ते संध्याकाळी सहा लाईट बंद ठेवली जाई. आम्ही कुंभवलीच्या बाजूला एका बैठ्या चाळीत राहत होतो. आठ खोल्या, त्यातली सहावी आमची. चाळीची तार कारखान्यांच्याच लाइनवर होती, त्यामुळे कारखाना बंद झाला की आमचा पंखाही बंद व्हायचा. एरवी सहा दिवस यंत्रांची घरघर चोवीस तास चालू असे, आणि ती इतकी अंगवळणी पडली होती की ऐकूच येत नसे. शुक्रवारी सात वाजता ती थांबली की सगळी चाळ एकदम जागी व्हायची. आवाजाने जागी होणारी माणसे मी पुढे पुष्कळ पाहिली, शांततेने दचकून उठणारी फक्त आमच्याच चाळीत.

शुक्रवारी नाना, म्हणजे माझे वडील, घरी असत. ते कापड रंगवण्याच्या कारखान्यात फिटर होते. त्यांच्या पाळ्या दर आठवड्याला बदलत, त्यामुळे आम्ही तिघे एकत्र जेवायला बसलो असा वार आठवड्यातून एकच. त्या दिवशी मटण. मिक्सर बंद, म्हणून आई कांदा-खोबरे भाजून पाट्यावर काळा मसाला वाटायची, आणि आठही खोल्यांतून वरवंट्यांचे आवाज एकाच वेळी यायचे. आम्ही मूळचे जळगावकडचे. गावी आईचा शुक्रवारचा उपास असे, देवीचा, लग्नाआधीपासूनचा. इथे आल्यावर पहिले दोन महिने तिने तो पाळला. म्हणजे नवरा आणि मुलगी समोर बसून रस्सा ओरपताहेत आणि ही शेंगदाण्याची आमटी खाते आहे. मग एका सकाळी तिने देवीसमोर उदबत्ती लावून स्पष्ट सांगून टाकले, "बाई, इथं शुक्रवारी लाईट नसते. तुझा उपास मी मंगळवारी धरते. शुक्रवारी वाट बघत बसू नको." देवीची हरकत आली नाही. हे एवढ्या तपशिलाने सांगते आहे, कारण शुक्रवारी लाईट नसते हे आमच्या देवीलासुद्धा माहीत होते, आणि मी ते विसरले.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीच्या शाळेतून एक फॉर्म आला. रोबोटिक्सच्या वर्गाला बसणाऱ्या मुलांच्या पालकांनी भरायचा. 'आपल्या पाल्याच्या नेतृत्वगुणांना एक ते दहापैकी गुण द्या.' मी खाली लिहिले, 'मोजण्याचे साधन कोणते?' आणि परत पाठवला. अजून उत्तर आलेले नाही. मुलगी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. पण फॉर्म भरताना मला आमचा रामू आठवला, आणि जयवंती आठवली, आणि माझे स्वतःचे नेतृत्व आठवले, जे एकूण चार महिने टिकले.

मी नववीत असताना आमच्या शाळेत यंत्रमानव मंडळ निघाले. शाळेजवळच्या एका कारखान्याने भंगारातल्या छोट्या मोटरींचे एक पोते शाळेला भेट दिले. आमचे विज्ञानाचे घरत सर आणि आम्ही दोघी-तिघी ते आणायला गेलो तेव्हा तिथला स्टोअरकीपर म्हणाला, "ले जाइए मास्टरजी, माल एकदम अच्छा है, बस चलता नहीं है." पोत्यात सव्वीस मोटरी निघाल्या. मी मोजल्या. चालणाऱ्या निघाल्या दोन, आणि त्याही वेगवेगळ्या यंत्रांतल्या. सरांना एवढे पुरेसे होते. त्यांनी दुसऱ्याच दिवशी मंडळाची घोषणा केली आणि मुलांना जबाबदारीची जाणीव व्हावी म्हणून अकरा सभासदांना अकरा पदे वाटली. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार (खजिना नव्हता), असे करत नवव्या पदापर्यंत नावे सुचली. शेवटच्या दोघांना 'पाना प्रमुख' आणि 'पाणी प्रमुख' करण्यात आले. मी अध्यक्ष, पण सर त्याला लीडर म्हणत. माझी निवड कशी झाली याबद्दल माझा गैरसमज होऊ नये म्हणून त्यांनी वर्गातच सांगितले, "लीडरचं अक्षर चांगलं पाहिजे. वैशालीचं चांगलं आहे." काम करायला पद नसलेला माणूस मंडळात उरला नव्हता, ही अडचण पहिल्या आठवड्यात कोणाच्या लक्षात आली नाही.

यंत्रमानवाने काय करावे यावर सरांनी फार विचार केला होता. तो पाहुण्यांना पाणी देणार होता. शाळेत दर महिन्याला कोणी ना कोणी पाहुणे येत, त्यामुळे या शोधाला भविष्य होते. एक लाकडी फळी, तिला मागे दोन मोटरींवर दोन चाके, पुढे एक फिरते छोटे चाक, वर ट्रे, ट्रेमध्ये स्टीलचा पेला, आणि पुठ्ठ्याचे डोके. बॅटऱ्या लवकर उतरत, म्हणून सरांनी बॅटरीऐवजी भिंतीच्या प्लगमधून वीज देणारा एलिमिनेटर लावला आणि त्याची वीस फूट वायर मागून सोडली. दावे लावलेले वासरू चालावे तसे ते यंत्र चालायचे. नाव ठेवले रामू. पाणी आणून देणाऱ्याचे नाव रामूच असणार, यात तेव्हा कोणाला काही वाटले नाही. फक्त पाणी प्रमुख जयवंती उभी राहिली.

"सर, माज्या आज्याचा नाव रामू हाय."

सर जरा गडबडले. "मग बदलायचं का?"

"नाय, ऱ्हाऊ द्या," जयवंती रामूकडे बघत म्हणाली. "आजापन असाच वाकडा चालतो."

तो खरोखरच वाकडा चालायचा. दहा फूट सरळ जायचे तर तो तीस इंच डावीकडे पोचायचा, म्हणजे पाहुण्यांऐवजी पाहुण्यांच्या शेजाऱ्याला पाणी मिळायचे, तेही उरले तर. मी पहिल्या दिवसापासून एक कच्ची वही ठेवली होती. मागच्या वर्षीच्या वह्यांची कोरी पाने काढून शिवलेली. प्रयोग क्रमांक, तारीख, वार, वेळ, किती इंच डावीकडे, दोनशे मिली पाण्यातले किती शिल्लक. पाणी आम्ही औषधाच्या बाटलीच्या टोपणाने मोजायचो. पहिल्या प्रयोगात शिल्लक पाणी पस्तीस मिली. सतराव्या प्रयोगात शून्य, कारण पेलाच पडला. या वहीत खाडाखोड होती, पाण्याचे डाग होते, आणि एके ठिकाणी उपाध्यक्षाने माझ्याबद्दल काढलेले चित्र होते, तेही मी फाडले नाही, कारण त्याच पानामागे प्रयोग क्रमांक बावीस होता.

जयवंती बेटेगावची. वडिलांच्या जुन्या उंच सायकलवरून यायची, नळीच्या मधून पाय घालून. पंक्चर स्वतः काढायची. पाणी भरण्याचे काम तिला दिले होते, पण पाणी भरायला अर्धे मिनिट लागते आणि मग उरलेला वेळ ती खाली बसून रामूच्या चाकांकडे बघत राहायची. आम्ही बाकीचे दहा जण उभे असायचो, कारण आम्हाला पदे होती. पस्तिसाव्या प्रयोगानंतर ती म्हणाली, "दावं चाक दमतं. उजवं पुडं पलतं, दावं मागं ऱ्हातं. दाव्याला मोटा कराया पायजे."

"मोठं चाक आणायचं कुठून?" मी विचारले.

"आनाया कशाला लागतं?"

दुसऱ्या दिवशी तिने दप्तरातून सायकलच्या ट्यूबची एक लांब पट्टी काढली आणि डाव्या चाकाभोवती ताणून एक वेढा दिला. तीसचे एकवीस इंच झाले. दोन वेढे, दहा इंच. तीन वेढे, एक इंच. तो अडतिसावा प्रयोग. रामू सरळ चालत गेला आणि शिल्लक पाणी निघाले एकशे अठ्ठ्याहत्तर मिली. सहसचिव नाचला. मी वहीत लिहिले, 'ज. ने ट्यूबचे तीन वेढे गुंडाळले. १ इंच.' पुढचे आठही प्रयोग यशस्वी झाले. एकूण सेहेचाळीस, यशस्वी नऊ, अयशस्वी सदतीस.

त्या संध्याकाळी सायकल हातात धरून चालत जाताना जयवंतीने मला विचारले, "पालघरच्या परदर्शनात गेल्याव कागद देतात ना? नाव लिवलेला?"

"प्रमाणपत्र. हो."

"मना त्यो पायजे. बापूस बोलतो, रोज उशिरा येतंस, कुटं ऱ्हातंस. शालंत एवडा वेल काय असतं. मे म्हैन्यानंतर शाला बास, कंपनीत पॅकिंगला लाग. कागद दावला की गप बसंल." ती दोन पावले चालली आणि म्हणाली, "नाव पुरा लिवतात ना?"

"पूर्ण लिहितात," मी लीडर म्हणून सांगितले.

पालघरच्या विज्ञान प्रदर्शनाचा नियम होता की उपकरणासोबत प्रयोगवही जोडावी. सरांनी माझी कच्ची वही चाळली आणि त्यांचा चेहरा आंबट झाला. "सदतीस वेळा नापास? हे काय प्रदर्शनात मांडायचं? फेअर कर. चाळीस प्रयोग, चाळीस यशस्वी." फेअर करणे हा आमच्या शाळेतला सर्वांत मोठा विज्ञानविषय होता. प्रयोगशाळेत लंबक लोंबकळण्याआधीच त्याचे उत्तर फेअर वहीत लिहिलेले असे. त्यामुळे मला यात काही पाप वाटले नाही. मला वाटली ती फक्त तांत्रिक अडचण. चाळीसपैकी चाळीस कोणाला खरे वाटेल? सर म्हणाले, "मग दोन नापास टाक. तीट म्हणून."

घरी नाना रात्रपाळीला निघायच्या आधी चहा पीत होते. मी त्यांना विचारले, खोटे आकडे खरे कसे दिसतात. ते कारखान्यात दर तासाला तापमान आणि दाब लॉगबुकात लिहीत. निदान मी तसे समजत होते. त्या दिवशी कळले की सगळी पाळी आठ तासांचे आकडे पहिल्या अर्ध्या तासात भरून टाकते आणि मग कामाला लागते.

"सगळे सारखे लिहू नये पोरी," नाना बशीत चहा ओतत म्हणाले. "एक वर, एक खाली. शून्यावर संपणारे आकडे टाळायचे. मधेच पेन बदलायचं. साहेब आकडा बघत नाही, खाडाखोड बघतो."

"मुलीला काय शिकवताय?" आई आतून म्हणाली.

"इंजिनिअरिंग," नाना म्हणाले.

मी तीन संध्याकाळी बसून ती वही लिहिली. आजही सांगते, तशी सुंदर वही मी पुन्हा लिहिली नाही. निळे पेन, काळे पेन, एका पानावर शाईचा हलका डाग, तोही मोजून. भिंतीवरचे कॅलेंडर समोर ठेवले, सगळे लाल चौकोन, म्हणजे रविवार, गणपती, दसरा, काळजीपूर्वक वगळले, आणि उरलेल्या काळ्या तारखांवर रोज एक याप्रमाणे चाळीस प्रयोग दुपारी साडेतीन वाजता बसवले. वाराचा रकाना सरांनी सांगितला नव्हता. तो मी माझ्या हौसेने आखला. कॅलेंडर छापणाऱ्याला बोईसर माहीत नव्हते. त्याचा शुक्रवार काळा होता.

प्रदर्शनाला एक शिक्षक आणि तीन विद्यार्थी, असा नियम. सरांनी फेअर वही उघडली आणि विचारले, यात कोणाकोणाचे काम दिसते? लीडरचे अक्षर दिसत होते. उपाध्यक्षाने आकृती काढली होती. सचिवाने कव्हर घातले होते. झाले तीन. कच्ची वही माझ्या दप्तरात होती, ती तिथेच राहिली. जयवंतीला मीच सांगायचे, असे सर म्हणाले, कारण मी लीडर.

ती पाण्याच्या टाकीजवळ भेटली.

"वहीत माजा नाव नाय?"

"फेअर वहीत ट्यूबचा विषयच नाही गं."

"मंजे त्यो पयल्यापासून सरलच चालायचा?"

"वहीत तसंच आहे."

तिने थोडा विचार केला. ती रागावली असती तर मला बरे वाटले असते. "मंग दोन म्हैनं मी काय केला?" तिने विचारले, आणि ते टोमण्यासारखे नव्हते, तिला खरेच माहिती हवी होती, वडिलांना सांगायला. माझ्याकडे तिच्या कामाचा प्रत्येक इंच लिहिलेला होता. मी म्हणाले, "पुढच्या वर्षी नक्की."

आम्ही एसटीने पालघरला गेलो. रामू माझ्या मांडीवर. कंडक्टरने पुठ्ठ्याच्या डोक्यावर टिचकी मारून विचारले, "याचं हाफ काढू का फुल?" सरांना ते आवडले नाही. उमरोळीच्या पुढे रस्त्यात खड्डे लागले तेव्हा मी पायाने दप्तर घट्ट धरून ठेवले होते. त्यात फेअर वहीखाली कच्ची वही होती. ती का घेतली होती, याचे कारण मी पुढे अनेकांना वेगवेगळे सांगितले आहे, धैर्य, सदसद्विवेक वगैरे. खरे कारण एवढेच की मोजलेले आकडे घरी एकटे सोडून जायची मला सवय नव्हती.

परीक्षक म्हणून एक निवृत्त गृहस्थ आले. पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेने, गळ्यात चष्मा. रामू दहा फूट चालत त्यांच्यासमोर जाऊन थांबला. पाणी एकशे ऐंशी मिलीच्या आसपास असावे, कारण त्यांनी ते मोजू न देता पिऊन टाकले. "छान," ते म्हणाले आणि त्यांनी जे केले ते आजपर्यंत कोणत्याही परीक्षकाने केले नव्हते. ते खुर्ची ओढून बसले आणि वही वाचू लागले. पहिल्या पानापासून. सरांनी त्यांना चहा देऊन पाहिला. त्यांनी चहा घेतला आणि वाचत राहिले.

"लीडर कोण?"

"मी."

"अक्षर सुरेख आहे. प्रयोग पाचवा. शुक्रवार, दुपारी साडेतीन. शिल्लक पाणी एकशे शहात्तर." त्यांनी पान उलटले. "प्रयोग अकरावा. शुक्रवार. एकशे एक्क्याऐंशी. सतरावा, शुक्रवार. शाळा कुठली म्हणालात? कुंभवलीच्या बाजूची ना?"

"हो सर," घरत सर पुढे होऊन म्हणाले.

"मी त्या सबस्टेशनला चौदा वर्षं होतो. दर शुक्रवारी सकाळी सातला तुमच्या लाइनचा खटका मी स्वतः पाडायचो. आता माझ्या हाताखाली होता तो पाडतो." त्यांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिले. "मग हे यंत्र सहा शुक्रवार कोणाच्या लाईटवर चाललं? मला काळजी वाटते. खटका नीट पडत नसेल."

माझी नजर वाराच्या रकान्यावर गेली. चाळीत वरवंट्यांचा आवाज, आईची उदबत्ती, घामाने भिजलेले शुक्रवारचे वर्ग, सगळे एकदम आठवले. आमच्या शाळेत शुक्रवारी लाईट नसल्याने दोन तास कवायत आणि एक तास चित्रकला असे, आणि साडेबाराला शाळाच सुटे. दुपारी साडेतीनला तिथे शिपाईसुद्धा नसे.

"बॅटरीवर," सर म्हणाले.

"दाखवा बॅटरी."

सरांनी रामूकडे पाहिले, मग वीस फूट वायरीकडे पाहिले, आणि मग एक पाऊल मागे जाऊन म्हणाले, "हे सगळं मुलांनी केलंय हो. लीडर सांगेल."

लीडर कशासाठी नेमतात हे मला त्या पावलाने समजले. त्यानंतर मी नेतृत्वावरची दोन प्रशिक्षणे केली, कंपनीच्या खर्चाने, जेवणासह. त्यांत याहून जास्त काही नव्हते.

मी वाकून दप्तरातून कच्ची वही काढली. उपाध्यक्ष कुजबुजला, "वेडी झालीस का?" परीक्षकांनी ती घेतली आणि पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लागले. उपाध्यक्षाने काढलेल्या माझ्या चित्राशी थोडे थांबले, माझ्याकडे बघून घेतले. शेवटी म्हणाले, "यात एकही शुक्रवार नाही."

"नाही सर. लाईट नसते."

"म्हणजे ही खरी." मग ते फेअर वहीकडे वळले. "तुमच्या त्या वहीत दोन नापास आहेत, त्यातला एक शुक्रवारचा. तो मात्र मला पटतो. लाईट नव्हती, चालला नाही." ते हसले नाहीत, त्यामुळे आम्हालाही हसता आले नाही. "हे 'ज.' कोण? ट्यूबवालं?"

"जयवंती. ती आली नाही."

"का?"

"वहीत नाव नव्हतं. फेअर वहीत."

त्यांनी खिशातले एक पेन काढले, अडतिसाव्या प्रयोगाशेजारी 'पाहिले' असे लिहून सही केली, तारीख घातली, आणि वही मला परत दिली. "गुण देता येणार नाहीत," ते उठत म्हणाले. "उपकरण एक, वह्या दोन. कोणत्या वहीला देऊ?"

आम्हाला क्रमांक मिळाला नाही. सहभागाची प्रमाणपत्रे मात्र मिळाली, तिघांनाही, कारण त्यांवर नावे आठवडाभर आधीच लिहून ठेवलेली होती. पुढच्या सोमवारी मंडळाची तातडीची सभा भरली. तिच्या इतिवृत्तातले ठराव मी स्वतःच लिहिले, अक्षरामुळे. पहिला, अनधिकृत कागदपत्र उघड केल्याबद्दल वैशालीला लीडरपदावरून मुक्त करण्यात येत असून उपाध्यक्ष लीडर होतील. दुसरा, यापुढे फेअर वही तयार होताच कच्ची वही सरांकडे जमा करावी. तिसरा, यापुढे नोंदी करताना शुक्रवार वगळावेत. सर्वानुमते मंजूर. पदे अकराच राहिली, मला 'पाना प्रमुख' करण्यात आले.

कच्ची वही मी जमा केली नाही. त्या शुक्रवारी शाळा साडेबाराला सुटल्यावर मी जयवंतीबरोबर बेटेगावला गेले. आईने कारण विचारले नाही, डबा भरून दिला. जयवंतीचे वडील कंत्राटी कामाला होते, त्यांनाही शुक्रवारचीच सुट्टी. अंगणात सायकल उलटी ठेवून ते चाकाच्या तारा घट्ट करत होते.

"तूच का ती लीडर?" त्यांनी वर न बघता विचारले. "ही रोज उशिरा येते. इचारला तर बोलते, मानूस बनवतू. मानूस बनवाला एवडा वेल लागतं?"

"काका, प्रमाणपत्र तिला मिळायला हवं होतं. मिळालं नाही, ते माझ्यामुळे," मी म्हणाले. हे वाक्य मी वाटेत नऊ वेळा म्हणून पाहिले होते. "पण हे बघा." मी वही उघडून अडतिसावा प्रयोग समोर धरला.

जयवंती आधी वाकली. बोट फिरवत तिने ओळ वाचली आणि म्हणाली, "ज. मंजे कोन? जनार्दनपन हाय वर्गात. पुरा लिव."

मी दप्तरातून पेन काढून 'ज.' खोडला आणि वर पूर्ण नाव लिहिले, वडिलांच्या नावासकट. त्या वहीतली ती शेवटची खाडाखोड. मग तिच्या वडिलांनी हात लुंगीला पुसून वही घेतली आणि सावकाश, अक्षर लावत वाचले. साहेबाच्या सहीवर अंगठा फिरवला. कपाळाला आठी पडली.

"सायकलची टूब," ते म्हणाले. "कुटल्या सायकलची?"

जयवंती कोंबडीकडे बघू लागली.

"गनपतीपासून शोदतो हाय मी ती! मना वाटला उंदीर घेऊन गेला." त्यांनी पुन्हा ओळ वाचली. "आनि तीन येडं कशाला? जाड टूब व्हती. नीट तानली असती तं दोनात भागला असता."

"दोनात धा इंच दावीकडं जायाचा," जयवंती पटकन म्हणाली. "बगा ना, वरच्या वलीत हाय."

त्यांनी वरची ओळ वाचली. दोन वेढे, दहा इंच. मग त्याच्या वरची, एक वेढा, एकवीस इंच. त्या तीन आकड्यांवरून त्यांनी पुन्हा अंगठा फिरवला, आणि मग उलट्या सायकलच्या चाकाला हाताने एक फेरा देऊन ते फिरताना पाहत राहिले. "लिवलाय खरा," ते म्हणाले. वही जयवंतीच्या हातात दिली, माझ्या नव्हे. "मे म्हैन्याचा मे म्हैन्यात बगू. जा शालंत. पन सोमवारी टूब मना परत पायजे."

ती दहावीला बसली, आणि पासही झाली. वही तिच्याकडेच राहिली. मी पुढे एका कारखान्यात माल तपासणीच्या कामाला लागले आणि वीस वर्षे तेच करते आहे. नापास मालाला नापास लिहिल्यामुळे माझी आतापर्यंत तीन वेळा बदली झाली, दर वेळी आणखी चांगल्या शब्दांत.

ट्यूब मात्र सोमवारी परत गेली. जयवंतीने ती पाना प्रमुखाच्या, म्हणजे माझ्या, मदतीने रामूच्या चाकावरून सोडवली. त्यानंतर रामू पुन्हा तीस इंच डावीकडे जाऊ लागला. नवीन लीडरने कारण शोधायला फेअर वही काढली. तिच्यात ट्यूब नव्हती, वेढे नव्हते, आणि डावीकडे जाण्याचा उल्लेखही नव्हता. आम्हाला कोणी विचारले नाही आणि आम्ही दोघी सांगायला गेलो नाही. स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी सरांनी स्वतः पट्टी घेऊन मोजमाप केले आणि व्यासपीठावरची प्रमुख पाहुण्यांची खुर्ची तीस इंच डावीकडे सरकवली. पाहुण्यांना पाणी वेळेवर मिळाले. टाळ्या झाल्या. खुर्ची पुढे कायम तिथेच ठेवली गेली. फेअर वही अजून शाळेच्या काचेच्या कपाटात आहे, आणि तिच्यात रामू आजही सरळ चालतो.